दुकान ब्राउझरमधले की अ‍ॅपमधले?

मोबाइलवरून वस्तू विकत घेण्याचे दोन मार्ग आहेत. फोनमधला ब्राउझर उघडून दुकानाच्या संकेतस्थळावर जाता येते, किंवा त्या दुकानाचे अ‍ॅप फोनमध्ये उतरवून त्यातून खरेदी करता येते. दोन्हीकडे वस्तू तीच, गोदाम तेच आणि घरपोच आणून देणारा माणूसही तोच. तरी दोन मार्गांत एक मूलभूत फरक आहे. संकेतस्थळावर ग्राहक येतो, काम करतो आणि निघून जातो. अ‍ॅप घेतले की दुकानच ग्राहकाच्या फोनमध्ये मुक्कामाला येते. वेग, खर्च, सोय, खासगीपणा आणि सुरक्षितता यांबाबतचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात. म्हणूनच कोणता मार्ग चांगला, या प्रश्नाचे उत्तर त्या दुकानात किती वेळा जायचे आहे यावर अवलंबून असते.

दोन्ही मार्ग कसे चालतात

संकेतस्थळाची पाने दुकानदाराच्या सर्व्हरवर असतात. ग्राहकाने पत्ता टाइप केला, गूगलवर वस्तूचे नाव शोधले किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवर बोट ठेवले, की ब्राउझर ते पान मागवून पडद्यावर दाखवतो. काही चित्रे ब्राउझर तात्पुरती साठवून ठेवतो, पण साध्या संकेतस्थळाचा बराचसा भाग दर वेळी नव्याने यावा लागतो. नेटवर्क कमकुवत असले की पान अर्धवट उघडते आणि ग्राहक ताटकळतो. मोबाइलवरचे पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर निम्म्याहून अधिक भेटी तिथेच संपतात, असे गूगलने २०१६ मध्ये सांगितले होते.

अ‍ॅप हा फोनमध्ये बसवलेला प्रोग्रॅम असतो. बटणे, मांडणी, चिन्हे असा त्याचा सांगाडा फोनमध्ये आधीच असतो. सर्व्हरकडून वस्तूंची छायाचित्रे, किमती, शिल्लक माल एवढीच माहिती यावी लागते. त्यामुळे नेटवर्क तेच असले तरी अ‍ॅप अधिक चपळ वाटते. ग्राहकाचे लॉगिन टिकून राहते, पत्ता पुन्हा भरावा लागत नाही. कॅमेरा, लोकेशन, बोटाचा ठसा अशा फोनच्या सोयी अ‍ॅपला सहज वापरता येतात. या सोयींची किंमत म्हणून अ‍ॅप फोनमधली जागा अडवते आणि वरचेवर अपडेट मागते.

मोबाइल संकेतस्थळ सुरुवातीला अगदीच दुबळे होते. कंपन्या संगणकासाठी एक आणि मोबाइलसाठी दुसरे, काटछाट केलेले, अशी दोन संकेतस्थळे चालवत. जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुमारे ५०० अ‍ॅप घेऊन सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचा बाजारही उघडला. सहज हाताळता येणाऱ्या अ‍ॅपपुढे काटछाट केलेली पाने फिकी पडली. पुढे संकेतस्थळेही सुधारली. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरने पडद्याच्या आकाराप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या पानांची पद्धत मांडली आणि एकच संकेतस्थळ संगणकावर, टॅबलेटवर व मोबाइलवर नीट दिसू लागले. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवरच्या शोधात मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकते माप द्यायला सुरुवात केली. साऱ्या जगातले दुकानदार मोबाइल संकेतस्थळाची डागडुजी करत असताना भारतातल्या दोन मोठ्या कंपन्या मात्र उलट दिशेने निघाल्या होत्या.

फक्त अ‍ॅप: भारतातला प्रयोग

बेंगळुरूची फ्लिपकार्ट आणि २०१४ मध्ये तिने विकत घेतलेली, कपडे विकणारी मिंत्रा या त्या दोन कंपन्या. मार्च २०१५ मध्ये फ्लिपकार्टने आपले मोबाइल संकेतस्थळ बंद केले. फोनच्या ब्राउझरमधून येणाऱ्याला अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले जाऊ लागले. संगणकावरचे संकेतस्थळ मात्र चालू राहिले. मिंत्राने त्याही पुढचे पाऊल टाकले. १५ मे २०१५ रोजी तिने संगणकावरचे संकेतस्थळही बंद केले आणि ती केवळ अ‍ॅपवर विक्री करणारी कंपनी झाली.

या निर्णयामागे हिशेब होता. त्या सुमारास मिंत्राची सुमारे ७० टक्के विक्री मोबाइलवरून होत होती आणि हा वाटा वाढतच होता. अ‍ॅप घेतलेला ग्राहक वारंवार परततो. शोधातून किंवा जाहिरातीतून ग्राहक संकेतस्थळावर आणायचा तर प्रत्येक भेटीमागे पैसे मोजावे लागतात. अ‍ॅप असले की एका सूचनेने त्याला फुकट बोलावता येते. ग्राहक काय पाहतो, कशावर रेंगाळतो, कोणत्या आकाराचे कपडे घेतो, याची सलग नोंद राहते आणि तिच्या आधारे त्याला आवडतील अशा वस्तू पुढे करता येतात. संगणक आणि फोन यांसाठी वेगवेगळे काम करण्यापेक्षा सगळे बळ एका अ‍ॅपवर लावावे, हाही विचार त्यात होता.

हिशेबात धरला गेला नाही तो भारतीय ग्राहकाच्या हातातला फोन. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आलेल्या अँड्रॉइड वन मालिकेतल्या पहिल्या फोनांची अंतर्गत साठवण ४ जीबी होती आणि तिचाही मोठा हिस्सा फोनची स्वतःची प्रणालीच व्यापत असे. अशा फोनमध्ये घरच्यांचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप ठेवून उरलेल्या जागेत दुकानाचे अ‍ॅप बसवणे अवघड होते. कोट्यवधी लोक तेव्हा टूजी नेटवर्कवर होते आणि अ‍ॅप उतरवण्यात बराच वेळ व डेटा जाई. वर्षातून एकदोनदा खरेदी करणाऱ्याला त्यासाठी कायमचे अ‍ॅप ठेवण्याचे कारणही नव्हते. गूगलवर वस्तू शोधत आलेल्या ग्राहकापुढे बंद दार येई. दागिने, पडदे, चादरी अशा वस्तू मोठ्या पडद्यावर निवांत पाहून, घरच्यांना दाखवून घेणाऱ्यांची अडचण निराळीच होती. अ‍ॅमेझॉन आणि स्नॅपडील या प्रतिस्पर्धी कंपन्यांची संकेतस्थळे मात्र चालू होती, त्यामुळे अडलेल्या ग्राहकाला दुसरे दुकान शोधायला वेळ लागत नव्हता.

दोन्ही कंपन्यांना पाऊल मागे घ्यावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्टचे मोबाइल संकेतस्थळ नव्या रूपात परत आले. मिंत्राने आधी मोबाइल संकेतस्थळ आणि मग १ जून २०१६ रोजी संगणकावरचे संकेतस्थळ पुन्हा सुरू केले. संगणकावरचे दार वर्षभराच्या आसपास बंद होते. सत्तर टक्के विक्री एका मार्गाने होते म्हणून उरलेले तीस टक्के ग्राहकही त्याच मार्गाने येतील असे नसते. ज्यांनी अ‍ॅप घेतलेले नाही त्यांच्याकडे बहुधा त्याचे सबळ कारण असते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

मधला मार्ग

फ्लिपकार्टचे परत आलेले मोबाइल संकेतस्थळ, म्हणजे फ्लिपकार्ट लाइट, तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचे होते. ते गूगलच्या क्रोम ब्राउझरवर काम करणाऱ्या चमूच्या सहकार्याने तयार झाले. अशा संकेतस्थळांना 'प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप' हे नाव २०१५ मध्येच अ‍ॅलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरीमन यांनी दिले होते. या पद्धतीत ब्राउझर पानाचा सांगाडा फोनमध्ये साठवून ठेवतो आणि एक छोटा प्रोग्रॅम पडद्यामागे राहून कोणती माहिती साठ्यातून द्यायची आणि कोणती सर्व्हरकडून मागवायची हे ठरवतो. त्यामुळे दुसऱ्या भेटीत पान चटकन उघडते आणि नेटवर्क गेले तरी आधी पाहिलेल्या वस्तू दिसतात. संकेतस्थळाचे चिन्ह फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवता येते. ग्राहकाने परवानगी दिली तर सूचनाही पाठवता येतात. स्टोअरमधून काही उतरवावे लागत नाही आणि जागा अगदी थोडी लागते.

गूगलने या प्रयोगाविषयी प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. फ्लिपकार्ट लाइट वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक टूजी नेटवर्कवरून येत होते. आधीच्या मोबाइल संकेतस्थळावर ग्राहक सरासरी ७० सेकंद थांबत असे. नव्या संकेतस्थळावर तो साडेतीन मिनिटे थांबू लागला. डेटाचा वापर एक तृतीयांशावर आला. मुख्य पडद्यावर चिन्ह ठेवून त्यावरून येणाऱ्या ग्राहकांमध्ये प्रत्यक्ष खरेदीचे प्रमाण ७० टक्के जास्त होते. ज्यांना अ‍ॅप परवडत नव्हते त्यांनाही चांगले दुकान हवे होते, आणि ते मिळाल्यावर ते थांबले, हे या आकड्यांतून दिसते.

पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा झपाट्याने स्वस्त झाला, फोनची साठवणही वाढली. अ‍ॅप उतरवण्यातली जुनी अडचण पुष्कळ कमी झाली. दुसऱ्या बाजूने संकेतस्थळांची ताकदही वाढत गेली. मार्च २०२३ मध्ये आयफोननेही मुख्य पडद्यावर ठेवलेल्या संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची मुभा दिली. वेगाच्या बाबतीत दोन मार्गांमधले अंतर आज बरेच कमी झाले आहे. निवड आता वेगापेक्षा वापराच्या सवयीवर जास्त ठरते.

विक्रेत्यापुढची निवड

नवा किंवा छोटा विक्रेता आधी संकेतस्थळ काढतो, आणि ते योग्यच आहे. त्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नसते. ग्राहक शोधातून किंवा कोणी पाठवलेल्या लिंकवरून येतो आणि दोन्ही वाटा संकेतस्थळावर पोहोचतात. एकच संकेतस्थळ सगळ्या फोनांवर आणि संगणकांवर चालते, तर अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन प्रणालींसाठी तयार करून सांभाळावे लागते. अ‍ॅप ठेवण्यासाठी गूगलच्या स्टोअरमध्ये एकदाच २५ डॉलर आणि अ‍ॅपलकडे दर वर्षी ९९ डॉलर नोंदणी शुल्क भरावे लागते. प्रत्यक्ष वस्तूंच्या विक्रीवर ही स्टोअर कमिशन घेत नाहीत. त्यांचे कमिशन डिजिटल मालावर असते. त्यामुळे खरा खर्च शुल्काचा नसून बांधणीचा आणि देखभालीचा असतो. संकेतस्थळावर किंमत किंवा चूक दुरुस्त केली की ती त्याच क्षणी सर्वांना दिसते. अ‍ॅपमधला बदल मात्र स्टोअरच्या तपासणीतून जातो आणि ग्राहक अपडेट करेपर्यंत जुनी आवृत्ती त्याच्या फोनमध्ये राहते.

वस्तू किती वेळा घेतली जाते हा निर्णायक मुद्दा आहे. येवल्याची पैठणी विकणाऱ्या विणकराकडे एखादे कुटुंब लग्नसराईत एकदा येते. ते छायाचित्रे मोठी करून पाहते, लिंक नातेवाइकांना पाठवते, चार जणांचे मत घेते आणि मग ठरवते. रत्नागिरी किंवा देवगडचा आंबा पेटीने विकणाऱ्या बागायतदाराचा हंगाम तर थोड्या महिन्यांचा. अशा विक्रेत्यांसाठी नेटके, वेगवान, मराठीतही वाचता येणारे संकेतस्थळ पुरेसे आहे. अ‍ॅप काढले तरी वर्षातले बहुतेक महिने ते फोनमध्ये पडून राहील आणि जागा कमी पडली की पहिल्यांदा तेच काढले जाईल. परदेशातल्या मराठी माणसाला इथे आईवडिलांकडे काही पाठवायचे असेल तरी संकेतस्थळ सोयीचे पडते. अनेक भारतीय अ‍ॅप परदेशातल्या स्टोअरमध्ये ठेवलेली नसतात. लिंक मात्र कुठूनही पाठवता येते.

किराणा, दूध, भाजी, औषधे यांचे गणित वेगळे आहे. ही खरेदी आठवड्यातून अनेकदा होते आणि यादी बरीचशी तीच असते. जुनी ऑर्डर एका बोटाने पुन्हा देणे, अचूक लोकेशन कळवणे, माल घेऊन निघालेला माणूस कुठवर आला हे नकाशावर पाहणे, या गोष्टी अ‍ॅपमध्ये उत्तम जमतात. २०२१ मध्ये मुंबईत सुरू झालेली झेप्टो किंवा ब्लिंकिट यांसारख्या काही मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या सेवा मुख्यतः अ‍ॅपवर वाढल्या, त्याचे कारण हेच आहे.

मोठ्या विक्रेत्याला दोन्ही मार्ग लागतात, आणि त्यांची कामे वेगळी असतात. नवा ग्राहक संकेतस्थळावर भेटतो, तिथे त्याचा विश्वास बसतो आणि वारंवार येऊ लागल्यावर तो आपण होऊन अ‍ॅप घेतो. भाषेचा विचार दोन्हीकडे करावा लागतो. अ‍ॅमेझॉनने भारतात २०१८ मध्ये हिंदी आणि २०२१ मध्ये मराठी आणले. पान ब्राउझरमध्ये असेल तर ब्राउझरच्या भाषांतराच्या सोयीने ते मराठीत वाचता तरी येते. अ‍ॅपमध्ये कंपनीने दिली असेल तीच भाषा मिळते.

ग्राहकाने काय पाहावे

ग्राहकाच्या दृष्टीने संकेतस्थळाचा मोठा फायदा तुलनेचा आहे. ब्राउझरमध्ये चार दुकाने चार टॅबमध्ये उघडून किंमत, घरपोच आणण्याचा खर्च आणि परतीच्या अटी शेजारी शेजारी पाहता येतात. अ‍ॅप ग्राहकाला एकाच दुकानात गुंतवून ठेवण्यासाठी बनवलेले असते. अ‍ॅपवर मिळणारी खास सवलत कधीकधी खरोखर मोठी असते, पण ती खरी आहे की नाही हे इतर दुकानांतली किंमत पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून महागड्या वस्तूसाठी आधी ब्राउझरमध्ये तुलना करावी आणि सवलत असेल तर शेवटी अ‍ॅपमधून ऑर्डर द्यावी, हा क्रम फायद्याचा ठरतो. पैसे भरण्याची सोय आता दोन्हीकडे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेले यूपीआय संकेतस्थळावरही चालते. कार्डाचा खरा क्रमांक दुकानांनी साठवून ठेवण्यावर १ ऑक्टोबर २०२२ पासून बंदी आहे. त्याच्या जागी टोकन नावाचा पर्यायी संकेतांक ठेवला जातो.

खासगीपणाच्या बाबतीत अ‍ॅपची पोहोच जास्त असते. संकेतस्थळही कुकीच्या साहाय्याने ग्राहकाचा माग ठेवते, पण ब्राउझर बंद करता येतो, कुकी पुसता येतात. अ‍ॅपला लोकेशन, संपर्क, कॅमेरा, मायक्रोफोन यांची परवानगी मिळाली की ती काढून घेईपर्यंत टिकू शकते. २०१५ मधल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून अशी प्रत्येक परवानगी वेगळी विचारली जाते आणि २०२२ मधल्या तेराव्या आवृत्तीपासून सूचना पाठवण्यासाठीही विचारावे लागते. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर इतर कंपन्यांच्या अ‍ॅप आणि संकेतस्थळांवर माग ठेवायचा असेल तर अ‍ॅपला आधी ग्राहकाची संमती घ्यावी लागते. कपडे विकणाऱ्या दुकानाला फोनमधल्या संपर्कांची गरज नसते. वस्तूशी संबंध नसलेली परवानगी नाकारली तरी खरेदी अडत नाही, आणि अडत असेल तर ते दुकान टाळणेच चांगले.

कोणता मार्ग घ्यायचा हे ग्राहकाने मोकळेपणाने ठरवावे, याला आता नियमांचाही आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी निकड निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, शेवटच्या पायरीला किंमत वाढवणे या त्यांतल्या काही. सतत भुणभुण लावणे हीही त्यांतलीच एक, आणि तिचे उदाहरण म्हणून, संकेतस्थळाने अ‍ॅप उतरवून घेण्याचा आग्रह पुन्हा पुन्हा धरणे, हेच दिलेले आहे. २०१५ मध्ये जे दार सरळ बंद केले गेले, त्या दारातून ग्राहकाला अ‍ॅपकडे ढकलत राहण्यालाही आज आक्षेप घेता येतो. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

फसवणुकीचा धोका दोन्ही मार्गांवर आहे, फक्त त्याचे रूप वेगळे. बनावट संकेतस्थळ नावाजलेल्या दुकानासारखे हुबेहूब दिसते आणि पत्त्यात एखादे अक्षर बदललेले असते. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते की मधल्या वाटेत माहिती कोणाला वाचता येणार नाही. समोरचा दुकानदार प्रामाणिक आहे याची हमी ते देत नाही. बनावट अ‍ॅप त्याहून घातक असते, कारण ते फोनमध्ये शिरून ओटीपीचे संदेशही वाचू शकते. संदेशातून आलेली अ‍ॅपची फाइल कधीही उघडू नये. अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे आणि ते बनवणाऱ्या कंपनीचे नाव तपासावे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर कळवावे, कारण रक्कम रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते.

घरात हे सगळे अमलात आणणे अवघड नाही. आठवड्याला लागणाऱ्या सामानाची एकदोन अ‍ॅप ठेवावीत, त्यांच्या सूचना ऑर्डरपुरत्या मर्यादित कराव्यात आणि बाकी सगळी खरेदी ब्राउझरमधून करावी. डोळ्यांना त्रास होणाऱ्या ज्येष्ठांनाही ब्राउझर बरा पडतो, कारण त्यातले पान दोन बोटांनी मोठे करता येते. अ‍ॅप नको झाले तर ते काढून टाकण्यापूर्वी आत जाऊन खाते बंद करावे. नुसते अ‍ॅप काढल्याने फोनमधली जागा मोकळी होते, पण पत्ता, फोन क्रमांक आणि खरेदीची नोंद कंपनीकडे तशीच राहते. ती पुसून टाकायला सांगण्याचा अधिकार २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ग्राहकाला दिलेला आहे.